कणकेवरची बोटं

ह्यांना लकवा झाला त्या सकाळी ह्यांच्या तोंडून निघालेला शेवटचा धड शब्द म्हणजे ‘पडलं’. मी आत बेलाची पानं धूत होते. वाटलं, मांजरानं काहीतरी पाडलं असेल. पदराला हात पुसत बाहेर आले तर हे पूजेच्या आसनावर बसलेले, डावा हात मांडीवर उपडा पडलेला, आणि त्या हाताशेजारी धोतराच्या निऱ्यांत ह्यांचं पूजेचं इष्टलिंग.

आम्ही लिंगायत. आमच्यात लिंग देवघरात ठेवून भागत नाही, ते गळ्यातच असतं, मरेपर्यंत. रोज अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, छातीसमोर धरायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची. मग घास. ह्यांनी दीक्षा घेतल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. आमच्या लग्नादिवशी सगळं वऱ्हाड ताटावर ताटकळत बसलं होतं आणि नवरदेव आत पूजा करत होते. त्याच डाव्या हातावरून त्या दिवशी ते निसटलं. जमिनीवर नाही गेलं, मांडीवरच राहिलं, पण निसटलं. मी उचललं, डबीत घातलं, डबी ह्यांच्या छातीवर नीट केली आणि मान वर करून बघितलं तर ह्यांचं तोंड एका बाजूला गेलेलं.

रेणापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. ते आता पोरगा आणि सून बघतात. मी मूळची मुखेडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, आता घरी असते आणि घरच्यांना शिकवते, असं पोरगा म्हणतो. आमचे हे म्हणजे अख्ख्या गल्लीचे अप्पा. बोलायला गुळाची ढेप, पण मनात एकदा काही धरलं की ब्रह्मदेव आला तरी सोडणार नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, त्या पिळाशी माझं लग्न लागलेलं आहे.

लातूरच्या दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती, म्हणून अंगाची डावी बाजू गेली. उजव्याचं डाव्याला कसं, हे मी एरवी विचारून डॉक्टरांना बेजार केलं असतं, पण तेव्हा विचारायची शुद्ध कुणाला होती. काही दिवस नाकातल्या नळीतून दूध चाललं. मग जीभ वळली, जड का होईना. पाय ओढत का होईना, टाकायला लागले. हात मात्र आला नाही. कोपरात वाकून पोटाशी चिकटलेला, मनगट खाली पडलेलं आणि मूठ आवळलेली. नखं काढायची म्हटलं तर कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि एकेक बोट उलगडायचं, असा माझा अर्धा तास जायचा.

घरी आणल्यावर आमचे गुरू, जंगम स्वामी, भेटायला आले. आजाऱ्यानं मनातल्या मनात पूजा केली तरी पोचते, दोष लागत नाही, असं सांगून गेले. ह्यांनी मान हलवली, वाकून पाया पडले. स्वामी दाराबाहेर पडले तसं मला म्हणतात, ‘मनात तर मी दवाखान्यात पण करूनच राहिलो होतो.’

म्हणजे हातावरच पाहिजे. मग मी तोड काढली. सकाळी ह्यांच्या डाव्या बाजूला बसायचे, बोटं उलगडायचे, ह्यांच्या तळहाताखाली माझा तळहात घालायचे, माझ्या अंगठ्यानं ह्यांचा अंगठा बाजूला दाबून धरायचे आणि मोकळ्या हातानं लिंग ठेवायचे. ह्यांचा हात माझ्या हातावर आडवा, आणि त्यावर देव. सगळा वेळ ती बोटं माझ्या पकडीतून सुटून मिटायला बघायची. उजव्या हातानं हे भस्म वाहायचे, बेल वाहायचे. मला वाटलं, झालं, जमलं. सुटलो बाबा एकदाचे.

कसलं सुटतंय. पूजा झाली की ताटातली भाकरी हे बाजूला सारायचे. पेज घ्यायचे, वरणाचं पाणी घ्यायचे, दूध घ्यायचे. भाकरीला हात नाही. ‘ही पूजा तुझी झाली,’ म्हणायचे, ‘माझी न्हाई झाली. हे मी औषध म्हणून घेऊन राहिलो, जेवण म्हणून न्हाई.’ ज्या दिवशी लिंग स्वतःच्या हातावर घेईन, त्या दिवशी भाकरी खाईन. आणि हा कोण, तर गरम ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार, एवढं मिळालं की पंचपक्वान्नाकडं न बघणारा माणूस. मी लई बोलले. देवाला असला हट्ट आवडत नाही म्हटलं, पोरासमोर म्हटलं, पोराला म्हणायला लावलं. शेवटी भाकरी कुस्करून दुधात कालवून दिली, तर वाटी तशीच परत. दंडाची कातडी लोंबायला लागली. मी स्वयंपाकघरात रडून घ्यायचे आणि बाहेर येऊन भांडायचे.

माझी स्वतःची पूजा ह्या सगळ्यात कधी व्हायची म्हणाल, तर ह्यांची अंघोळ झाल्यावर पोरगा ह्यांना कपडे घालेपर्यंत. स्वयंपाकघरात पाटावर टेकायचे न टेकायचे, एक डोळा लिंगावर आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर. देवानं चालवून घेतलं.

रेणापूरची माणसं मायाळू आहेत, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण मायाळू माणसं आजारी माणसाचं काय करून ठेवतील ह्याचा नेम नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण एक इलाज घेऊन यायचा. एकानं लेप सांगितला, एकानं कुठल्या गावचं तेल. एका शहाण्यानं पारव्याच्या रक्तानं मालिश करा म्हणून सांगितलं, तेही लिंगायताच्या ओसरीवर बसून. त्याला चहा न पाजता वाटेला लावला. एक ना धड भाराभर चिंध्या. पण एका गोष्टीवर सगळ्या गावाचं एकमत होतं, ती म्हणजे बॉल. लकवा झालेल्या माणसानं बॉल दाबायचा. मुठीत ताकद येते. जो तो येताना बॉल घेऊन यायचा. हसऱ्या तोंडाचा पिवळा, काटेकाटेवाला हिरवा, पोरांचा रबरी, आणि एका व्याह्यांनी तर टेनिसचा आणला. फळं कमी आणि बॉल जास्त असं झालं. मी दुकानातली एक स्टीलची पाटी त्यांच्यासाठी काढली.

आणि आमचे हे मन लावून दाबायचे. सकाळी दुकानात गादीवर नेऊन बसवलं की संध्याकाळपर्यंत दाबायचे. गिऱ्हाइकाला दाबून दाखवायचे. ‘पहिल्यापेक्षा जोर आला की न्हाई?’ गिऱ्हाईक म्हणायचं, हाव अप्पा, लई जोर आला. जोर खरंच आला होता. माझं बोट एकदा त्या मुठीत सापडलं तर सुनेला बोलवावं लागलं सोडवायला.

दर आठवड्याला आम्ही व्यायामासाठी लातूरला जायचो, दुकानाच्या छोट्या हत्तीतून, म्हणजे मालाच्या टेम्पोतून. पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं दाटीवाटीनं, मागं हंडे-पातेल्यांचा खडखडाट. तिथली फिजिओथेरपीची डॉक्टरीण मूळची कंधारची. पोरगीच म्हणायची. कधी वेळेवर यायची नाही, तोंडात कायम बडीशेप आणि फोनवर कायम घरच्यांशी भांडण. पहिल्या दिवशी मला ती अजिबात आवडली नाही. तिनं ह्यांना लाकडी खुंट्या भोकात घालायला दिल्या, तर हे म्हणाले, मी काय बालवाडीत हाय का? आणि खुंट्या तशाच ठेवून भिंतीकडं बघत बसले. तिनंही मग जोर केला नाही, नुसतं पायाचं चालवलं. गजांमधून चालवायची, आरशासमोर उभं करायची, डाव्या पायावर वजन टाका, डाव्या पायावर, म्हणून ओरडायची.

एकदा ह्यांच्या खिशातून पिवळा बॉल खाली पडला. तिनं विचारलं हे काय. ह्यांनी कौतुकानं उचलायला लावला आणि दाबून दाखवला. त्या पोरीनं कपाळाला हात लावला. किती दिवस चाललंय हे, म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. मग स्टूल ओढून तिनं आम्हाला समजावलं. लकव्यात हात मिटायची नस आपोआप जोर धरते, तिला शिकवावं लागत नाही. उघडायची नस झोपलेली असते. आणि तुम्ही दिवसभर बॉल दाबून कुणाला खुराक घालताय, तर जी आधीच माजलीय तिला. अप्पांची मूठ घट्ट नाही झाली, आपण सगळ्यांनी मिळून केली.

मला हसावं का रडावं कळेना. सबंध रेणापुरानं प्रेमानं आणून दिलेली ती मूठ. मी ह्यांना म्हटलं, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच, आता आयुष्यभर झाकून बसा.’ हे रागावले नाहीत. नुसते मुठीकडं बघत राहिले, आणि मला बोलल्याचं वाईट वाटलं. घरी आल्यावर पाटी उपडी केली, गल्लीतल्या पोरांची दिवाळी झाली.

त्याच दिवशी निघताना पोरीनं ह्यांना विचारलं होतं, अप्पा, ह्या हातानं तुम्हाला नेमकं काय करायचंय? सदऱ्याची गुंडी लावायची? तांब्या धरायचा?   तेव्हा ह्यांनी उजवा हात छातीसमोर आणला, तळहात वर केला, बोटं सरळ केली आणि त्या रिकाम्या तळहाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘डाव्यानं असं.’

तिला लगेच कळलं. कंधारला तिच्या घराशेजारी लिंगायतांचंच घर होतं, म्हणाली, आजोबांची पूजा होईपर्यंत आम्हाला अंगणात खेळू द्यायचे नाहीत. बडीशेप चावायची थांबली. मग म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही सगळ्यात अवघड तेच मागितलं.’ लकव्याचा हात तळवा खाली करतो, आणि ह्यांना तळवा वर पाहिजे. लकव्याचा हात मिटतो, आणि ह्यांना उघडा पाहिजे. वर तो छातीसमोर अधांतरी धरायचा, हलू द्यायचा नाही, आणि तेवढ्यात उजव्या हातानं दुसरंच काम करायचं. ‘आणि नाही जमलं तर?’ मी विचारलं. ती म्हणाली, पाय आधी येतो, हात मागून येतो, बोटं सगळ्यात शेवटी येतात, आणि कधी कधी येतच नाहीत. खोटं कशाला बोलू. ह्यांनी हे ऐकलं आणि त्या क्षणापासून त्या पोरीचे झाले. पुढं ती सांगेल ती पूर्व दिशा.

तिनं सांगितलेलं सगळं आमच्या घरात आलं. पलंगावर डावा तळहात पसरून त्यावर अंगाचा भार टाकून बसायचं, म्हणजे मूठ ढिली पडते. टेबलावर मनगट टेकवून तळवा वर फिरवायचा, पोळी उलटल्यासारखा. उजव्या हातावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधून ठेवायची आणि समोरची वाटी डाव्यानंच ढकलायची. दस्ती बांधली की हे मला ज्या शिव्या घालायचे, त्या बोबड्या होत्या म्हणून बरं. पाहुणेरावळे यायचे, ह्यांची धडपड बघून त्यांचा जीव तुटायचा, पटकन वाटी उचलून हातात द्यायला बघायचे. मी त्यांचा हात धरायचे. दोन-तीन घरं त्यावरून माझ्यावर रुसली, नवऱ्याला छळते म्हणाली. रुसेनात बापडी.

आरशाचं तर मी जन्मात विसरणार नाही. पोरीनं टेबलाच्या मधोमध आरसा उभा केला, डावा हात आरशाच्या मागं लपवला आणि ह्यांना आरशात बघायला सांगितलं. आरशात उजव्या हाताचं प्रतिबिंब पडतं, ते डाव्यासारखं दिसतं. उजवा उघडायचा, मिटायचा, आणि बघायचं डोळ्यांनी डाव्याला. मेंदूला फसवायचं, म्हणाली. ह्यांनी उजवा तळहात वर केला. आरशात ह्यांचा डावा तळहात अलगद वर झाला, सरळ, बोटं कमळासारखी. हे एकदम ढसाढसा रडायला लागले. लकव्यानंतर रडू लवकर येतं हे मला सांगितलेलं होतं, पण मला काय त्याचं. मी पण रडले. पोरगी बिचारी दोघांना पाणी देत बसली.

हातावर ठेवून सराव करायला काहीतरी पाहिजे होतं. लिंग ठेवून सराव करायचा नाही, हे बोलायचीसुद्धा गरज नव्हती. एकदा निसटलेलं पुरे होतं. मी लिंबू ठेवून बघितलं, ते गडगडत पलंगाखाली गेलं. बटाटा ठेवला, तो जड. एका सकाळी कणीक मळता मळता सुचलं आणि लिंगाएवढा गोळा वळून नेला. विभूती लावून झाली की पूजेच्या आधी हा कार्यक्रम: मी बोटं उलगडून गोळा ठेवायचे, हात सोडायचे आणि हे नुसते धरून बसायचे. मूठ मिटायची. मग मी गोळा सोडवून बघायचे तर त्यावर चारी बोटं आणि अंगठा उमटलेला, खोल, पेरापेरांसकट. गोळा कसला, चिरडलेला लाडू. पुढच्या खेपेला लातूरला गेल्यावर मी पोरीला घाबरत घाबरत सांगितलं. ती हसली, म्हणाली, आमच्याकडं हेच प्लास्टिकचं असतं, तुमचं बरं, गाईला तरी घालता येतं.

गाईला घालायच्या आधी मी तो गोळा उजेडात धरून बघायचे. ती माझी सवयच झाली. शाळेत पोरांच्या पाट्या तपासायचे तसं. अंगठ्याची खूण आधी नाहीशी झाली. मग करंगळीची नुसती रेघ राहिली. मधल्या दोन बोटांचे खड्डे काही जाईनात. कधी थंडी पडली की पुन्हा चारी बोटं खोल. कुणी येऊन दोन शब्द जास्त बोलून गेलं तरी खोल. ह्यांच्या मनाचा ठाव मला लग्नानंतर इतकी वर्षं लागला नाही, तो त्या कणकेनं दिला. ‘आज काय झालं?’ मी विचारायचे, आणि खरंच काहीतरी झालेलं असायचं.

महाशिवरात्र आली. घरात पाहुणे, नणंदा, भाचे. माझ्याशी हे आदल्या दिवसापासून जरा जास्तच गोड बोलत होते. सकाळी मी गोळा दिला आणि पाहुण्यांना चहा द्यायला उठले. परत आले तर ह्यांच्या उघड्या डाव्या तळहातावर गोळा. गोल. एक बोट उमटलेलं नाही. हे म्हणाले, ‘बघ. आज लिंग दे हातावर.’ तळहात थरथरत होता आणि बोटं कडेनं वळायला लागली होती, पण गोळा खरोखर गुळगुळीत होता.  मी गोळा उचलून सवयीनं उजेडात धरला. त्यावर पांढऱ्या रेघा होत्या. विभूतीच्या. आणि विभूती ह्यांच्या कुठल्या बोटांना लागलेली असते, तर उजव्या हाताच्या.

म्हणजे बोटं उमटली होतीच. मी चहा द्यायला उठले तसा ह्यांनी उजव्या हातानं गोळा पुन्हा वळून ठेवला होता.

आधी मला संताप आला. महाशिवरात्रीचा दिवस, देवाच्या कामात लबाडी, आणि तीही माझ्याशी. मी तोंड उघडलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. चोरी पकडलेल्या पोरासारखे पापण्या मिटून बसले होते, उजवा हात धोतराखाली लपवत होते. दुकानात वाकलेलं पातेलं ठोकून सरळ करून गिऱ्हाइकाच्या पुढं ठेवायची सवय, दुसरं काय. मला हसू फुटलं. लकवा झाल्यापासून मी इतकी हसले नव्हते. ‘कणकेवर भस्म आहे मालक,’ मी म्हटलं. हेही हसायला लागले, वाकड्या तोंडानं, आवाज न होऊ देता. बाहेर नणंदा विचारत होत्या काय झालं म्हणून. मी सांगितलं, काही नाही, चाललंय आमचं.

हसणं झालं तसे हे गंभीर झाले. म्हणाले, भाकरीची आठवण लई येते गं.  मग उद्या उपास सुटला की खा की हो, म्हटलं, कोण नको म्हणतंय. त्यांनी मान हलवली. माझा तळहात ह्यांच्या तळहाताखाली गेला, पूजा झाली, घरभर उपासाच्या फराळाचा वास सुटला आणि ह्यांनी आपलं दूध घेतलं.

उन्हाळा आला तसा हात मोकळा होत गेला. पोरगी म्हणाली, ऊन लकव्याच्या हाताला मानवतं. तिनं लाकडाचा एक ठोकळा कोपराखाली द्यायला सांगितला, मग तो काढायला सांगितला. गोळ्यावर एकाच बोटाचा ठसा राहायला लागला, मधल्या. मी मात्र आता गोळा द्यायच्या आधी ह्यांच्या उजव्या हाताला दस्ती बांधायचे. भरवसा हा वेगळा आणि नवरा वेगळा.

ती सकाळ काही विशेष नव्हती. ना सण, ना सोमवार. सून दुकानात गेली होती, पोरगा लातूरला माल आणायला. नळाला पाणी आलेलं, बाहेर बादल्यांचा आवाज. मी दस्ती बांधली, गोळा ठेवला, हात सोडला आणि समोर बसून राहिले. हात छातीसमोर होता. थोडा वाकडा, अंगठा अजून आत पळणारा, करंगळी जरा मुडपलेली. पण उघडा. आत नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी मी उठले नाही. मग गोळा उचलून दारात नेला, उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. मी वळला होता तसाच होता. ह्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडावरूनच समजलं असणार.

मी दस्ती सोडली. ह्यांनी गळ्यातली डबी पुढं घेतली, उजव्या हातानं उघडली. लिंग बाहेर काढलं आणि डाव्या तळहाताशी आणलं. मी रोजच्या सवयीनं डाव्या बाजूला सरकले आणि माझा तळहात ह्यांच्या तळहाताखाली घातला.

‘हात काढ,’ हे म्हणाले.

मला काढवेना. पडलं तर, हेच डोक्यात. त्या सकाळचं ते धोतर, तो उपडा हात. इतके महिने माझा हात तिथं होता, त्याला दुसरी जागाच ठाऊक नव्हती. ह्यांनी लिंग तसंच धरून वाट बघितली. मी हात काढून मांडीवर ठेवला. ह्यांनी लिंग तळहातावर ठेवलं. तळहात थरथरला, सावरला. बोटं मिटायला निघाली आणि थांबली. मग पाणी, भस्म, बेल. तोंडातला मंत्र बोबडा होता, मला तो स्पष्टच ऐकू आला. 

लिंग डबीत गेलं, डबी छातीवर विसावली. मी डोळे पुसत उठले. म्हटलं, तवा टाकते, भाकरीचं पीठ मळायला घेते, चटणी आहेच. ह्यांनी माझ्या लुगड्याचा पदर धरला. डाव्या हातानं नाही, उजव्यानंच. ‘आधी तुझी पूजा,’ म्हणाले. ‘दूध बघत बघत केलेली न्हाई. इथं बस. मग दोघं मिळून भाकरी खाऊ.’

म्हणजे इतके दिवस ह्यांना आतलं सगळं दिसत होतं. तोंड उघडलं असतं तर भांडले असते. ह्यांच्या शेजारी आसनावर बसले. विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि छातीसमोर धरलं. आणि माझाच हात कापायला लागला. दोन्ही अंगांनी धडधाकट बाई मी, पण तळहात असा लटलटत होता की लिंग जागेवर ठरेना. बेल वाहायला उजवा हात उचलायची छाती होईना.

तेवढ्यात ह्यांचा डावा हात हलला. आधी कोपर सुटलं, मग मनगट वळलं, पोळी उलटल्यासारखं, सावकाश. तळवा वर झाला. वाकडी करंगळी, पळणारा अंगठा, सगळं तसंच, पण हात सरकत सरकत आला आणि माझ्या तळहाताखाली येऊन टेकला. गरम होता. माझा हात कापायचा थांबला.

मी काही ‘हात काढा’ म्हटलं नाही.